रेव्हनग्लासचा चिखल आणि टेक्नेशियम

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर कार्लाइलहून बॅरोकडे जाणाऱ्या गाडीत उजवीकडची खिडकी धरावी. व्हाइटहेवननंतर बराच वेळ आयरिश समुद्र सोबत असतो. सेंट बीज, सेलाफील्ड अणुकेंद्राचं कुंपण, सीस्केल, ड्रिग, आणि मग इर्ट, माइट, एस्क या तीन नद्यांच्या खाडीवरचं रेव्हनग्लास. लोक इथे छोट्या रेल्वेसाठी उतरतात. मी उतरले ते खाडीतल्या गाळासाठी.

सेलाफील्डमध्ये १९९४ साली सुरू झालेल्या शुद्धीकरण प्रकल्पाने साठवलेल्या द्रावणांतलं प्लुटोनियम आणि अमेरिसियम छान पकडलं. टेक्नेशियम-९९ हे किरणोत्सारी मूलद्रव्य मात्र निसटलं. १९९५ मध्ये सुमारे १९० टेराबेकरेल (एक टेराबेकरेल म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी अणूंचं क्षरण) समुद्रात गेलं. हवा मिसळलेल्या पाण्यात ते परटेक्नेटेट हा ऋण आयन होऊन राहतं आणि प्रकल्पात बाकीचे धातू पकडणाऱ्या लोहाच्या साक्याला (तळाशी बसणाऱ्या घन पदार्थाला) चिकटत नाही. इथल्या शेवंडींत ते साठलं, प्रवाहाबरोबर नॉर्वेपर्यंत पोचलं. २००४ पासून टेट्राफिनाइलफॉस्फोनियम ब्रोमाइड घालून त्याचा साका पाडू लागले, तेव्हा विसर्ग उतरला. अर्धायुष्य २,११,००० वर्षं, म्हणून हा उशीर मला आजही खटकतो.

यात हॉस्पिटलांचा दोष नाही. हाडांच्या स्कॅनसाठी दिलेल्या ७४० मेगाबेकरेल टेक्नेशियम-९९एमचं (याच मूलद्रव्याच्या अल्पायुषी रूपाचं, जे क्षरणातून टेक्नेशियम-९९ बनतं) पूर्ण क्षरण झालं, की उरतं फक्त सुमारे २.४ बेकरेल टेक्नेशियम-९९. समुद्रातलं आलं ते अणुइंधनातून.

रसायन मात्र खाडीत आणि हॉस्पिटलात एकच. ओहोटीला गाळ कापला, की वर तपकिरी थर आणि खाली काळा. काळ्या थरात ऑक्सिजन नाही. तिथले जिवाणू फेरिक लोहाचं फेरस करतात, फेरस लोह टेक्नेशियमला सातवरून चार संयुजेवर आणतं आणि ते गाळात बसतं. हॉट लॅबमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या किरणोत्सारी औषधांच्या खोलीत, हेच काम एमडीपीच्या (टेक्नेशियमला हाडांकडे नेणाऱ्या औषधाच्या) कुपीतलं स्टॅनस क्लोराइड हे कथिलाचं संयुग करतं. म्हणून कुपीत हवा जाऊ द्यायची नाही: जनरेटरचं (ज्यातून टेक्नेशियम-९९एम काढतात त्या उपकरणाचं) द्रावण सोडायचं, तेवढाच वायू त्याच सिरिंजमध्ये ओढून घ्यायचा, मग हलवायचं. हवा शिरली तर कथिल वाया जातं, परटेक्नेटेट मोकळं राहतं आणि स्कॅनमध्ये थायरॉइड आणि जठर उजळतात. हे तपासायला द्रावणाचा थेंब लावलेली कागदी पट्टी ॲसिटोनमध्ये चालवा: मोकळं परटेक्नेटेट द्रावकाबरोबर वर जातं. शुद्धता ९० टक्क्यांखाली आली तर ती कुपी वापरायची नाही. याउलट, क्षपण (संयुजा सातवरून चारवर येणं) झालं पण एमडीपीशी बंध जुळला नाही, तर टेक्नेशियमचा कलिली (अतिसूक्ष्म कणांचा) डायऑक्साइड बनतो आणि यकृत दिसू लागतं. काळ्या गाळातही टेक्नेशियम बरंचसं अशाच रूपात असतं.

गाळाचा नमुना घेताना धोका तोच. नळी दाबायची, दोन्ही टोकं लगेच बंद करायची, नायट्रोजनच्या पिशवीत घालून गोठवायची. उघडी राहिली तर लोह ऑक्सिडाइझ होतं, टेक्नेशियमचा काही भाग पुन्हा विरघळतो आणि प्रयोगशाळेला खाडीत नसलेलं चित्र दिसतं. भरतीचं वेळापत्रक आधी पाहा. पाणी इथे झपाट्याने चढतं.

टेक्नेशियम-९९ मोजायचं ते बीटा किरणांवरून, त्यामुळे आयन-विनिमय स्तंभातून ते आधी वेगळं काढावं लागतं. आम्लात उकळून कोरडं पडू देऊ नका, ते उडून जातं. किती हाती लागलं हे कळायला सुरुवातीलाच थोडं टेक्नेशियम-९९एम मिसळतात. ते आदल्या दिवशी मिल्किंग झालेल्या (म्हणजे साठलेलं टेक्नेशियम काढून घेतलेल्या) जनरेटरचं घ्यावं; बरेच दिवस तसाच राहिलेल्या जनरेटरमध्ये टेक्नेशियम-९९ साचलेलं असतं आणि निकाल फुगतो. ९९एमचे गॅमा किरण मोजून उतारा (हाती लागलेला वाटा) ठरवायचा, आठवडाभर थांबायचं, ९९एम संपल्यावर बीटा मोजायचे.