काथ्या, कूलर आणि माझी घाई

आईचा पाय टाइल्सवरून सटकला, तेव्हाच ठरवलं की तिच्या खोलीत काहीतरी खरबरीत अंथरायचं. ताग मऊ खरा, पण पाणी सांडलं की पिवळट-तपकिरी डाग धरतो; आणि आईचा तांब्या रोज एकदा तरी लवंडतोच. म्हणून काथ्याचं कार्पेट घेतलं. काथ्या म्हणजे नारळाची सोडणं महिनोन् महिने पाण्यात कुजवून काढलेला धागा, थोड्या पाण्याला तो काय भिणार!

खोली दहा बाय बारा. रोलचा पन्हा दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट. दोन पट्टे जोडायचे. भुसावळचा मे महिना, बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे. बसवणाऱ्यानं रोल टेम्पोतून उतरवला, तासाभरात भिंतीपासून भिंतीपर्यंत गच्च बसवला आणि निघून गेला. आई दारातूनच म्हणाली, "काथ्यानी खाट विणतस रे भाऊ, घर नही!"

चौथ्या दिवशी खिडकीतल्या कूलरसमोर कार्पेटला दोन बोटं उंच फुगवटा आला. दार अडकायला लागलं. बसवणाऱ्याला फोन केला, तर म्हणे उन्हानं झालं असेल. मलाही पटलं. मग गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला, दीड दिवस लाईट नाही, कूलर बंद, आम्ही घामाघूम. आणि फुगवटा आपोआप बसला! ऊन तर तेच होतं. कूलरची ओल धरून काथ्या फुगत होता आणि भिंती त्याला सरकू देत नव्हत्या.

खरं तर रोल आधी खोलीत उलगडून दोन दिवस तसाच ठेवायचा असतो. खोलीची हवा त्याला लागली, की मग माप. तेही नेहमी असतो तसा कूलर चालू ठेवून.

दुसऱ्यांदा शिवण सोडून सगळं मीच केलं. कापायच्या रेघेवर आधी चिकटपट्टी लावली, नाहीतर धागे भसाभस सुटतात. पट्टा उलटा टाकून, लोखंडी पट्टी दाबून, पाठीमागून कटर चालवला. काथ्या पात्याची धार खातो; तीन-चार फुटांवर पातं बोथट. बारा फुटांची एक बाजू कापेपर्यंत बोटांना फोड आला. चारही बाजूंनी अर्धा इंच मोकळं सोडलं. कडेला जाड सुती पट्टी लावून दाभणानं शिवून घेतली. ते काम स्टेशनजवळच्या चप्पल शिवणाऱ्यानं केलं, आणि बसवणाऱ्यापेक्षा शंभरपट नीट केलं.

कपाटाजवळ मात्र हात घसरला. तिथं फट बोटभर रुंद आहे, हिवाळ्यात कूलर बंद झाला की आणखी रुंदावते. आईची जपमाळ हरवली की आम्ही आधी तिथंच बघतो.

उरलेला तीन फुटी पट्टा तिनं ओट्यावर अंथरलाय.