एक ‘पर्यंत’, दोन इंग्रजी शब्द: माझा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत धातूचे ओतीव भाग, म्हणजे कास्टिंग, बनवणाऱ्या एका फाउंड्रीच्या डिस्पॅच विभागात मी काम करतो आणि परदेशी ग्राहकांना इंग्रजीतून मेल लिहिण्याचे काम माझ्याच गळ्यात पडले आहे. घड्याळाच्या वेळेला ‘ॲट’, वाराला व तारखेला ‘ऑन’, महिन्याला व सालाला ‘इन’ हे कोष्टक राजारामपुरीतील एका क्लासने पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेतले. अडलो तो ‘पर्यंत’पाशी, कारण त्याला इंग्रजीत ‘बाय’ आणि ‘अन्टिल’ असे दोन शब्द आहेत.

‘कास्टिंग शुक्रवारपर्यंत पाठवतो’ हे सांगताना मी ‘अन्टिल फ्रायडे’ असे लिहिले, तेव्हा शुक्रवारनंतर माल पाठवणे बंद करणार आहात काय, असे ग्राहकाने उलट विचारले आणि साहेबांनी तो मेल सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. क्लासच्या सरांना विचारले, तर ‘दोन्हींचा अर्थ पर्यंतच, सरावाने जमेल’ एवढेच उत्तर मिळाले. फी मात्र तीन महिन्यांची आगाऊ घेतलेली होती!

शेवटी वाट मराठी क्रियापदातूनच सापडली. काम त्या मुदतीच्या आत एकदाचे होऊन जाणार असेल, तर ‘बाय’. एखादी स्थिती तोवर चालूच राहणार असेल, तर ‘अन्टिल’. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळचा महामार्ग पाणी ओसरेपर्यंत बंद होता, तेथे ‘अन्टिल’; ‘दसऱ्यापर्यंत ऑर्डर पूर्ण करू’, येथे ‘बाय’. खरी मेख नकारात आहे. ‘शुक्रवारपर्यंत तयार होणार नाही’ याचे दोन अर्थ निघतात. शुक्रवार उजाडला तरी माल तयार नसेल, असे म्हणायचे असल्यास ‘नॉट बाय फ्रायडे’. आणि आपण बोलताना ‘शुक्रवारशिवाय मिळणार नाही’ म्हणतो, म्हणजे मिळेल, पण शुक्रवारीच, तेथे ‘नॉट अन्टिल फ्रायडे’. हे दोन मिनिटांत सांगता आले असते, याचा राग अजून गेलेला नाही.

‘पासून’ही असाच फसवतो: ‘दोन वर्षांपासून’ म्हणजे मोजलेला काळ, त्याला ‘फॉर’, ‘२०२१ पासून’ म्हणजे सुरुवातीचा क्षण, त्याला ‘सिन्स’. कोष्टकातही एक खाच आहे, ती आधी सांगायला हवी होती: नुसत्या सकाळीला ‘इन’ लागते, पण सोमवारी सकाळी म्हटले की ‘ऑन’ येते, आणि ‘नेक्स्ट मंडे’ला तर काहीच लागत नाही.

गेल्या महिन्यात मी ‘नॉट अन्टिल मंडे’ असे लिहून मेल पाठवला. उत्तर एका शब्दाचे आले: ‘नोटेड’. तो मेल साहेबांना मीच नेऊन दाखवला.