धरायला कोण असतं?

शेडवर नवीन गिऱ्हाईक आलं की आधी चारीकडं नजर फिरवतं आणि विचारतं, "एकटेच करता व्हय सगळं? मग धरायला कोण असतं?" परवा एका ताईंनी हाच प्रश्न फोनवर विचारला. त्यांच्या मुलानं नुकतंच वेल्डिंग मशीन घेतलंय, त्याच्यासाठी त्यांना उत्तर हवं होतं. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

आता धरायला जिग असते, म्हणजे काम मापात पकडून ठेवणारा लोखंडी साचा. पण आधी धरायला माझी बायको असायची.

कोल्हापूरजवळ घराला लागूनच शेड आहे. सुरुवातीला लोखंडी कॉट, खिडक्यांचे ग्रिल, कंपाउंडची फाटकं अशी कामं यायची. सहा बाय तीनची चौकट, दीड इंची चौकोनी पाइप, १६ गेज जाडीचा. एका हातात वेल्डिंगच्या रॉडचा होल्डर, दुसऱ्या हातात तोंडापुढं धरायची काळी काच, मग पाइप गुण्याला, म्हणजे काटकोनी पट्टीला, लावून धरायचा कुणी? ती स्वयंपाक अर्धा टाकून यायची, दोन्ही हातांनी पाइप दाबून धरायची आणि मान पलीकडं वळवायची. टाका म्हणजे पाइप जागेवर राहावा म्हणून आधी मारलेला वेल्डिंगचा छोटा ठिपका. "टाक्यापुरतंच" असं म्हणत म्हणत एका कॉटला वीस-पंचवीस टाके होतात. समोरची भिंत चुन्यानं पांढरी केलेली होती आणि तिच्यावरून उजेड परत येत होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

वेल्डिंगचा उजेड लागलेला त्याच क्षणी कळत नाही. त्यातले अतिनील किरण बुबुळावरचा पातळ पडदा भाजतात आणि कळ काही तासांनी सुरू होते. रात्री दोनला ती उठून बसली. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतंय म्हणाली, पाणी थांबेना, दिव्याकडं बघवेना. सकाळी डॉक्टरांनी थेंब दिले, दीड-दोन दिवसांत डोळे बरे झाले. त्यानंतर मी तिला टाक्यासाठी हाक मारली नाही. पुढच्या आठवड्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाऊन अँगल, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्ट्या, घेऊन आलो.

आता त्या मुलासाठी सांगतो.

माझी जिग म्हणजे तीन रूळ. एकेक रूळ दोन अँगलचा: ५० बाय ५० बाय ६ मिलिमीटरचे दोन अँगल पाठीला पाठ लावायचे आणि मध्ये १३ मिलिमीटरची फट ठेवायची. वर सपाट पृष्ठभाग मिळतो, मधल्या फटीतून १२ मिलिमीटरचा बोल्ट सरकतो. फट सारखी राहावी म्हणून १२ मिलिमीटर प्लेटचा तुकडा आणि पत्र्याची एक पट्टी असं पॅकिंग दोन्ही टोकांना आणि मधोमध घालून जोडलं. पहिला रूळ सात फुटी, तो जागेवर पक्का. दुसरा चार फुटी, पहिल्याच्या टोकाला काटकोनात, तोही पक्का. तिसराही चार फुटीच, पण तो पहिल्या रुळावर मागेपुढे सरकतो आणि त्याचं दुसरं टोक पलीकडच्या साध्या अँगलवर टेकतं. लांबी तिसऱ्या रुळावर ठरते. रुंदीसाठी दुसऱ्या-तिसऱ्या रुळावर सरकणारे ठोकळे आहेत. रुळांचा अँगल एकूण तीस फूट, म्हणजे बाजारातली दीड लांबी. हा अँगल मीटरला साडेचार किलो भरतो, तेव्हा साधारण ४१ किलो धरा. पाय आणि टेकू भंगारातल्या चॅनेलचे केले तरी चालतात. रुळांचा अँगल मात्र सरळच हवा. दुकानातच दोरी ताणून बघावा. दुकानदार कुरकुरला तरी बघावाच.

काटकोन गुण्यावर करू नका, हे मी हात जोडून सांगतो. सहा इंची गुण्याला अर्ध्या अंशाची चूक डोळ्याला दिसत नाही, आणि तोच अर्धा अंश तीन फुटांवर ८ मिलिमीटर होतो. पहिल्या रुळावर कोपऱ्यापासून १२०० मिलिमीटरवर खूण करा, दुसऱ्यावर ९०० वर, आणि दोन खुणांमध्ये बरोबर १५०० येईपर्यंत सरकवत राहा. आमच्यातले जुने गवंडी पाया आखताना तीन-चार-पाच करतात, तेच हे. माझी अख्खी दुपार गेली होती, कारण टाका मारला की थंड होताना लोखंड ओढलं जायचं आणि १५०० चं १४९८ व्हायचं. शेवटी टाके एकदा आतून, एकदा बाहेरून असे आलटून पालटून मारले, तेव्हा ते जागेवर राहिलं.

जिगला पीळ आहे का ते बघायला दोन दोऱ्या पुरतात. समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून फुलीसारख्या दोन्ही ताणा. मध्ये त्या एकमेकींना जेमतेम शिवल्या तर जिग सपाट. अंतर राहिलं किंवा एकीनं दुसरीला दाबलं, तर ज्या पायाखाली लागेल तिथं पत्रा घाला.

एवढं करून पहिलीच कॉट मी बिघडवली, आणि सगळ्यात मोलाचं तिथंच शिकलो. ठोकळे मी चौकटीच्या आतल्या बाजूनं लावले होते, बाहेरून वेल्डिंगला मोकळं मिळेल म्हणून. चारी कोपरे एका दमात भरले, म्हणजे टाक्यांवर पूर्ण वेल्डिंग केलं. गार झाल्यावर चौकट निघेना. एक मीटर लोखंड १०० अंशांनी तापलं की १.२ मिलिमीटर वाढतं, एवढं माहीत होतं. पण वितळून भरलेला सांधा गार होताना पहिल्यापेक्षा जास्त आखडतो, याचा विचार मी केला नव्हता. चौकट आखडून ठोकळ्यांवर घट्ट बसली होती. हातोड्यानं काढली तेव्हा टपकन उसळली आणि दोन्ही कर्णांत ५ मिलिमीटरचा फरक आला. चारी बाजूंनी आवळलं म्हणजे काम सरळ राहील असं वाटत होतं. पण लोखंडाला आखडायला वाट दिली नाही, तर ते ताण पोटात घेऊन बसतं आणि सुटताच वाकडं होतं.

तेव्हापासून ठोकळे बाहेरून लावतो. एका कोपऱ्याच्या दोन बाजू पक्क्या असतात, पाइप तिथं टेकवायचा. उरलेल्या दोन बाजूंच्या ठोकळ्यांना लेथवाल्याकडून आडवा स्क्रू बसवून घेतलाय. १२ मिलिमीटरच्या आट्याला एका फेऱ्यात पावणेदोन मिलिमीटर सरक मिळते, म्हणून माप केसभर पुढंमागं करता येतं. स्क्रू हातानंच आवळायचा, पान्यानं नाही. चारी कोपऱ्यांना टाके मारायचे, दोन्ही कर्ण मोजायचे. बरोबर आले की स्क्रू अर्धा फेरा सैल सोडायचा आणि मगच भरायला घ्यायचं, तेही समोरासमोरचे कोपरे. मधल्या वेळात पाणी प्या, दुसरे तुकडे कापा. १२ नंबरचा वेल्डिंग रॉड, करंट ७० अँपिअरच्या आसपास, एका वेळी इंचभर.

कोपऱ्याखालचा भाग मोकळा ठेवा. माझ्या जिगला प्रत्येक सांध्याच्या जागी ग्राइंडरनं काढलेली दोन इंचांची खोबणी आहे. ती नसेल तर एखाद दिवशी काम जिगलाच चिकटतं. ठिणग्या बोल्टच्या आट्यांवर बसल्या की नट फिरत नाही, म्हणून काम सुरू करण्याआधी बोल्टना चुन्याचं पाणी लावतो. अर्थिंगचा चिमटा जिगला लावू नका, कामाला लावा. जिगला लावला तर करंट बोल्टमधून वाट काढतो आणि आटे जळतात. माझे दोन बोल्ट त्यातच गेले.

आणि त्या मुलाला सांगा, जिग पुढच्या महिन्यात झाली तरी चालेल, तोवर पाइप विटांच्या आधारानं, सी क्लॅम्पनं, कशानंही उभा कर. पण आईला धरायला बोलवू नकोस. बोलवायचीच वेळ आली तर आधी दुसरी काच आण आणि मग हाक मार.

माझी बायको आता शेडमध्ये वेगळ्या कामासाठी येते. पहिल्या रुळावर तिनंच ऑइलपेंटच्या खुणा केल्यात: तीन बाय चारच्या ग्रिलला लाल, साडेपाच फुटी कॉटला पांढरी, सहा फुटीला पिवळी. कॉटची ऑर्डर आली की १९ चा पाना घेऊन ती तिसरा रूळ पिवळ्या खुणेवर आणते, आवळते, कर्णाचा टेप स्वतः धरून बघते आणि मी मशीन चालू करायच्या आत घरात जाते.