कार्डवरचा प्राजक्त

हाताने बनवलेल्या शुभेच्छा कार्डवर फूल लावायचंच आहे तर ते आपल्या ओळखीचं असावं असं मला फार वाटतं. स्टॅम्प (इंक लावून उमटवायचे ठसे) आणि डाय (मशीनमध्ये दाबून कागद आकारात कापणारे धातूचे साचे) यांचे जे सेट मिळतात ना, त्यात पियोनी, पॉपी, हायड्रेंजिया, डॅफोडिल यांची नुसती रेलचेल असते, कारण बरीचशी डिझाइन्स अमेरिकेतून नाहीतर युरोपातून येतात. दिसतात छानच, त्याबद्दल वाद नाही, पण आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला पियोनीचं कार्ड द्यायचं? तिने जन्मात पियोनी बघितलेली नाही. तिची फुलं म्हणजे प्राजक्त, सोनचाफा, अनंत, अबोली, जास्वंद. म्हणून मी आता आधी फूल ठरवते आणि मग घरातल्या कुठल्या डायमधून, कुठल्या स्टॅम्पमधून ते निघेल ते शोधत बसते, आणि त्या शोधण्यातच खरी मजा आहे.

प्राजक्ताचं सांगते, कारण तो सगळ्यात सोपा आणि सगळ्यात गोड. प्राजक्ताचा म्हणून वेगळा डाय मला कुठे दिसला नाही, पण सहा पाकळ्यांच्या साध्या छोट्या फुलाचा, साधारण इंचभर रुंदीचा डाय बहुतेकांकडे असतोच, तो घ्यायचा. प्राजक्ताला पाच ते आठ कितीही पाकळ्या असतात त्यामुळे सहा एकदम चालतात. कागद पांढराशुभ्र, क्रीम अजिबात नको, आणि १६० ते १८० जीएसएमच्या (म्हणजे दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाच्या) आसपासचा, त्याहून जाड घेतला की पाकळी वळत नाही. डायमधून फुलं पाडून झाली की लगेच चिकटवायची नाहीत! खरं फूल हातात घेऊन बघा, प्रत्येक पाकळीच्या टोकाला एक खाच असते आणि सगळ्या पाकळ्या एकाच दिशेला भिरभिऱ्यासारख्या वळलेल्या असतात. तेवढं केलं की काम झालं. बारीक कात्रीने प्रत्येक टोकाला छोटीशी व्ही आकाराची खाच द्यायची, मग फूल जुन्या माऊस पॅडवर ठेवून विणायच्या सुईच्या बोथट टोकाने पाकळ्या एकाच बाजूला दाबत जायचं, आणि मधोमध केशरी इंकचा ठिपका, तोही ब्रशने हलकेच गोल फिरवून म्हणजे कडा मऊ दिसतात.

आणि देठ! प्राजक्ताचं सगळं सौंदर्य त्या केशरी देठात आहे आणि कार्डवर फूल सरळ चिकटवलं तर तोच दिसत नाही. झाडाखाली सडा पडतो तेव्हा कितीतरी फुलं पालथी पडलेली असतात, देठ वर करून. म्हणून मी पाचातली दोन फुलं पालथी लावते. देठासाठी क्विलिंगची, म्हणजे कागदाच्या गुंडाळ्यांच्या कलाकुसरीची, ३ मिमीची केशरी पट्टी घ्यायची, छोटा तुकडा कापून घट्ट गुंडाळी करायची आणि थेंबभर ग्लूने उभी चिकटवायची. माझी आत्या साताऱ्याची, तिच्या अंगणात प्राजक्त आहे, तिने कार्ड हातात घेतल्या घेतल्या त्या पालथ्या फुलावरच बोट ठेवलं आणि म्हणाली, "अगं, हे अस्संच पडतं बघ." मला अजून काय पाहिजे!

जास्वंद मात्र तयार मिळते, कारण हवाईमध्ये तिचं भारी कौतुक आहे, त्यामुळे उन्हाळी थीमच्या सेटमध्ये ती हमखास असते. जास्वंदीसाठी लेअरिंग स्टॅम्प घ्यावा असं माझं स्पष्ट मत. यात एकाच फुलाचे तीन-चार वेगवेगळे ठसे असतात, पहिला सपाट भरीव, दुसरा सावल्यांचा, तिसरा अगदी बारीक शिरांचा, आणि फिक्या रंगाकडून गडदकडे जात एकावर एक मारायचे. ही पद्धत काही परदेशातून आलेली नाही बरं का, राजस्थानातल्या सांगानेर आणि बगरूचे छपाईवाले कापडावर हेच करत आलेत, रेघांचा ठसा वेगळा, आतला रंग भरायचा वेगळा, पार्श्वभूमीचा वेगळा, आणि तेही लाकडी ठशांनी, आरपार काही दिसत नसताना, नुसत्या हाताच्या अंदाजाने. आपल्याकडे निदान पारदर्शक पॉलिमरचे स्टॅम्प आणि ॲक्रिलिकचा ब्लॉक आहे, खाली काय चाललंय ते दिसतं तरी. लाल रबराचा स्टॅम्प आरपार दिसत नाही पण बारीक रेघ काय सुरेख उमटते, म्हणून पानांच्या शिरा, परागकण असलं काम असेल तर मी रबरच उचलते. नवीन पॉलिमर स्टॅम्पवर इंकचे थेंब थेंब जमतात, त्याला पेन्सिलचा खोडरबर हलका घासून घ्या, मग इंक नीट धरते.

लाल रंगाच्या तीन छटा घरात नसतील तर एकाच पॅडवर भागतं. स्टॅम्पला इंक लावा, आधी रद्दी कागदावर एकदा मारा आणि मग परत इंक न लावता तोच कार्डवर, की आपोआप फिकी छटा येते. वरचा थर मग पूर्ण इंक लावून. जास्वंदीचा तो लांब तुरा मी स्टॅम्पने करत नाही, पिवळ्या कागदाची पट्टी काढून फोम टेपवर उचलून लावते.

पावसाळ्यात एम्बॉसिंग (ओल्या ठशावर पावडर टाकून ती गरम हवेने वितळवायची, म्हणजे ठसा उठावदार होतो) करणाऱ्यांसाठी एक सांगायचंय. मुंबईत, कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये कागद हवेतला ओलावा धरून बसतो आणि मग एम्बॉसिंग पावडर जिथे नको तिथेही चिकटते आणि सोनेरी फुलाच्या आजूबाजूला सोनेरी धूळ दिसते. आधी कागद हीट गनने काही सेकंद कोरडा करा, गार होऊ द्या, मग पातळ कापडात टाल्कम पावडर बांधून त्यावरून हलकी फिरवा, आणि मग स्टॅम्प मारा. हेअर ड्रायरने पावडर वितळत नाही, तो तेवढा तापत नाही आणि पावडर उडवून लावतो ते वेगळंच. कार्डस्टॉक आणि डाय मी झिप पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवते, डाय स्टीलचे असले तरी आपल्या हवेत जपलेले बरे.

डायने कागद कापायच्या मशीनचं फार सांगत नाही, हाताने फिरवायचं दोन रोलरवालं साधं मशीन पुरतं. खाली प्लेट, वर कागद, त्यावर डाय धारेची बाजू कागदाकडे करून, परत वर प्लेट, आणि फिरवा. एखादा कोपरा सुटत असेल तर प्लेटखाली साधा कागद सरकवा. प्लेट एकाच बाजूने वापरली की वाकते म्हणून दर वेळी उलटी करायची.

आता शुभेच्छांचा मजकूर. मराठी ओळींचे क्राफ्टचे स्टॅम्प शोधून शोधून दमायला होतं, तेव्हा सरळ आपल्या गावातल्या रबरी शिक्केवाल्याकडे जा, जो सोसायटीचे, डॉक्टरांचे शिक्के करून देतो तोच. त्याला सांगायचं, काका, मूठ नको, नुसता पॉलिमरचा तुकडा द्या. तो ॲक्रिलिक ब्लॉकला दुहेरी टेपने लावला की झाला आपला स्टॅम्प. फक्त अक्षरं फार बारीक करू नका, देवनागरीत अनुस्वार आणि रफार आधी गायब होतात आणि "ष"चं पोट इंकने भरून जातं. मी १८ पॉइंटच्या खाली जात नाही. "अमृतमहोत्सवाच्या शुभेच्छा", "डोहाळजेवणाला नक्की या", "अभिनंदन" आणि एक नुसतं "खूप प्रेम", एवढ्यावर माझं बरंचसं वर्ष निघतं. ज्या माणसाचं कार्ड आहे त्याचं नाव मात्र हातानेच लिहायचं, तिथे स्टॅम्प नको.

कार्डचा बेस ३०० जीएसएमचा, ए४ अर्धा कापून मधोमध दुमडला की ए६ होतो आणि त्याला सी६ पाकीट बरोब्बर बसतं. पण फोम टेपवरची फुलं असतील तर साध्या पाकिटात ती चपटी होतात, पोस्टाने पाठवायचं असेल तर बाजूंना पाचेक मिलिमीटरची घडी घालून उथळ डबीसारखं पाकीट करा आणि आत फुलांवर बटर पेपर ठेवा.

सध्या टेबलावर अनंत आहे. अनंत उमलताना पांढरा आणि जुना होत जाईल तसा पिवळसर, म्हणून या वेळी दोन कागद घेतलेत, आतल्या पाकळ्या पांढऱ्या आणि बाहेरच्या क्रीम व्हेलमच्या, म्हणजे अर्धपारदर्शक कागदाच्या. गुलाबाचा डाय चालेल असं वाटतंय, फक्त पाकळ्यांची टोकं थोडी बाहेर वळवून.