गुप्त संस्था कथेत आणायचीय? मग सगळ्यात वरची खुर्ची रिकामी ठेवा

थ्रिलर लिहायला घेतलं की बहुतेकांना कधी ना कधी इल्युमिनाटी आठवतेच. ती नाही तर फ्रीमेसन, ते नाही तर टेंपलर. मग साधारण कथेच्या मध्यावर कोणीतरी म्हातारा प्रोफेसर हिरोला खोलीत घेतो, दार लावतो आणि हळू आवाजात सांगतो की हे सगळं तेच करतायत, बँका त्यांच्या, सरकारं त्यांची, पेपरवालेही त्यांचेच. मी तिथेच पुस्तक मिटते. कारण एकदा विलन काहीही करू शकतो असं ठरलं की हिरो वाचला तर त्यांनी वाचू दिला म्हणून, मेला तर त्यांनी मारला म्हणून, पुढे वाचायचं कशासाठी मग? गंमत म्हणजे खऱ्या संस्थांची कागदपत्रं वाचायला बसलं की ही सर्वशक्तिमान भानगड कुठे सापडतच नाही, सापडतं ते वेगळंच आणि लिहिणाऱ्याच्या दृष्टीने कितीतरी जास्त कामाचं.

इल्युमिनाटीच घ्या. १ मे १७७६, जर्मनीच्या बव्हेरियातलं इंगोलश्टाट, अ‍ॅडम वाइसहाउप्ट नावाचा कायद्याचा प्रोफेसर आणि सुरुवातीला सगळे मिळून पाच जण. वाइसहाउप्टने स्वतःचं टोपणनाव काय घेतलं तर स्पार्टाकस, म्हणजे रोमविरुद्ध बंड करणारा गुलाम! त्स्वाक नावाचा साथीदार म्हणजे केटो, आणि म्युनिक शहराला अथेन्स म्हणायचं. सभासदांनी दर महिन्याला सीलबंद रिपोर्ट लिहून वर पाठवायचे, त्यात स्वतःबद्दल लिहायचं आणि वरच्याबद्दल तक्रार असेल तर तीही. पुढे १७८० मध्ये क्निगे नावाचा एक सरदार संस्थेत आला, भलताच कामाचा माणूस, ओळखी दांडग्या, त्याने फ्रीमेसनांच्या लॉजमधून, म्हणजे शाखांमधून, भराभर माणसं आणली. ही माणसं वरच्या पायऱ्यांबद्दल विचारायला लागली, की पुढची दीक्षा कधी, वरचं ज्ञान कधी मिळणार, म्हणून क्निगेने वाइसहाउप्टच्या मागे लकडा लावला आणि शेवटी वाइसहाउप्टला कबूल करावं लागलं की वरच्या पायऱ्या अजून लिहिलेल्याच नाहीत, तूच लिही बाबा.

थांबा जरा इथे. ज्या रहस्यासाठी माणसं शपथा घेऊन आत आली ते रहस्य अजून तयारच नव्हतं! मग क्निगे बसून लिहायला लागला, त्याने काय लिहायचं आणि किती धार्मिक लिहायचं यावरून दोघांची भांडणं सुरू झाली आणि १७८४ मध्ये तो चिडून बाहेर पडला. (हाच क्निगे पुढे माणसांशी कसं वागावं यावरच्या पुस्तकामुळे जर्मनीत इतका प्रसिद्ध झाला की आजही तिकडे शिष्टाचाराला त्याचंच नाव देतात. असा योगायोग कादंबरीत घातला तर कोणी खरा मानणार नाही.) १७८४-८५ मध्ये बव्हेरियाच्या शासकाने बंदीचे हुकूम काढले, १७८६ मध्ये त्स्वाकच्या घरावर छापा पडला आणि सापडलेली पत्रं सरकारने पुढच्याच वर्षी चक्क छापून टाकली. म्हणून तर आपल्याला हे सगळं माहितीये.

आता हे एकट्या इल्युमिनाटीचं असतं तर सोडून दिलं असतं. पण १८१४ मध्ये ओडेसात तीन ग्रीक व्यापाऱ्यांनी फिलिकी एतेरिया काढली, ग्रीस तुर्कांपासून सोडवायचा म्हणून. तीन साधे व्यापारी, त्यांच्यामागे जीव द्यायला कोण येणार? मग त्यांनी हवा केली की आमच्या वर एक अदृश्य सत्ता आहे, नाव सांगता येत नाही. लोकांनी समजून घेतलं की रशियाचा झारच असणार. त्या भरवशावर माणसं शपथ घेत गेली, आणि हे व्यापारी मात्र खरोखरचा कोणी मोठा माणूस शोधत फिरत होते, झारचा मंत्री कापोदिस्त्रियास याला विचारलं तर त्याने नकार दिला, शेवटी १८२० मध्ये रशियाच्या सैन्यातला ग्रीक अधिकारी इप्सिलांटिस तयार झाला. १८२१ मध्ये उठाव झाला आणि पुढे ग्रीस स्वतंत्र झाला सुद्धा! म्हणजे वर कोणीही नसताना 'वर कोणीतरी आहे' एवढ्या बोलण्यावर अख्खं प्रकरण उभं राहिलं. यातल्या एखाद्या सभासदाला मध्येच कळलं असतं की वर कोणीच नाही, तर तो काय करेल? निघून जाईल, ओरडून सांगेल, की गप्प बसून पुढच्या माणसाला तेच सांगेल? ही झाली कादंबरी.

लंडनमधली गोल्डन डॉन ही जादू-मंत्रतंत्र शिकवणारी संस्था, १८८८. जर्मनीतल्या कुणा श्प्रेंगेल बाईंच्या पत्रांतून संस्था काढायची परवानगी मिळाली असं संस्थापकांपैकी वेस्टकॉट सांगायचा. १९०० मध्ये दुसरा संस्थापक मॅथर्स यानेच लिहून कळवलं की ती पत्रं बनावट आहेत. मग काय, फूटच पडली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अलिस्टर क्राउली हा तांत्रिक मॅथर्सच्या बाजूने स्कॉटिश पोशाख आणि काळा मुखवटा घालून संस्थेच्या खोल्या ताब्यात घ्यायला आला, विरुद्ध बाजूला कवी येट्स वगैरे मंडळी, आणि शेवटी निकाल कोणत्या मंत्राने लागला तर पोलिसांना बोलवून. रोझिक्रूशियन नावाचा गूढविद्येचा गुप्त संघ तर त्याही पुढचा. १६१४ मध्ये कासेलला त्यांचा जाहीरनामा छापला गेला, युरोपभरचे विद्वान त्यांना शोधत सुटले, आणि अशी काही संस्था तेव्हा अस्तित्वात असल्याचा पुरावा आजवर नाही. नंतर मात्र त्या नावाच्या संस्था लोकांनी खरोखर काढल्या. लिहिणाऱ्या माणसाने यावर जरा हेवा करायला हरकत नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की खरी संस्था घ्यायची तर तिची पोकळी घ्या, ताकद घेऊ नका.

दीक्षेच्या सीनचंही तसंच. कवट्या, मेणबत्त्या, रक्ताचा थेंब, हे सगळं इतकं वापरून झालंय की वाचणारा पान उलटतो. त्यापेक्षा कोपियाले नावाचं हस्तलिखित बघा, १०५ पानं, सगळी सांकेतिक लिपीत, २०११ मध्ये अमेरिकेतला संगणकतज्ज्ञ केव्हिन नाइट आणि स्वीडनच्या दोन भाषातज्ज्ञांनी कॉम्प्युटरच्या मदतीने ते फोडलं. निघालं काय, तर १८व्या शतकातल्या जर्मनीतल्या एका संस्थेचे विधी, सगळा भर डोळ्यांवर. नवीन माणसाला कोरा कागद देऊन वाच म्हणायचं. त्याला वाचता येत नाही. मग चष्मा द्यायचा, तरी नाही. मग त्याच्या डोळ्यांचं 'ऑपरेशन' करायचं, म्हणजे भुवईचा एक केस उपटायचा! मोठी माणसं गंभीर चेहरे करून हे करतायत. मला यात हसू पण येतं आणि अंगावर काटा पण येतो, आणि दोन्ही एकदम येणं हेच तर हवं असतं ना सीनमध्ये.

सगळ्याच संस्था अशा निरुपद्रवी होत्या असं मात्र नाही हां. इटलीत पी-टू नावाचं फ्रीमेसनांचं एक गुप्त लॉज होतं, लिचो जेल्ली त्याचा प्रमुख. मार्च १९८१ मध्ये पोलिसांनी त्याच्याकडे झडती घेतली तेव्हा ९६२ नावांची यादी मिळाली, त्यात मंत्री, खासदार, लष्करी अधिकारी, गुप्तचर खात्यांचे प्रमुख, आणि पुढे पंतप्रधान झालेले बर्लुस्कोनी. सरकार पडलं त्यात. पण इथेही बघा, सापडली एक यादी. तळघर नाही, वेदी नाही, टाईप केलेले कागद. नि काही संस्था तर लपून राहिल्या कारण सापडलं की फास होता, इटलीतले क्रांतिकारक कार्बोनारी, रशियात झारविरुद्ध उठलेले डिसेंबरवाले, मॅझिनीच्या यंग इटलीचा आदर्श ठेवून निघालेली आपली अभिनव भारत. तिथे गुप्तता ही नटण्याची गोष्ट नाही आणि त्यांना मुखवटेवाल्यांच्या रांगेत उभं करणं मला अजिबात पटत नाही.

आता खरं नाव वापरायचं का, हा प्रश्न. मेलेल्या संस्थेला खुशाल वापरा. फ्रीमेसन जिवंत आहेत, लाखो साधे सभासद आहेत, लंडनच्या मुख्य इमारतीत म्युझियम आहे आणि ते कोणालाही बघता येतं. त्यांना जगाचे मालक दाखवणं हा आळस आहे, दुसरं काही नाही. आणि आळस कुठवर नेतो याचं उदाहरण आहे. १८६८ मध्ये हेर्मान गोएड्श नावाच्या जर्मन लेखकाने 'बिआरित्झ' ही कादंबरी काढली, त्यात प्राग शहरातल्या ज्यू दफनभूमीत रात्री ज्यू प्रमुख जमून जग ताब्यात घ्यायचा बेत करतात असं एक प्रकरण होतं. सपशेल काल्पनिक. पण १८७२ मध्ये रशियात ते प्रकरण कादंबरीतून सुटं काढून वेगळं छापलं गेलं, मग तेच खरं भाषण म्हणून फिरायला लागलं, आणि १९०३ मध्ये ज्यूंचा जग ताब्यात घ्यायचा बेत म्हणून 'प्रोटोकॉल्स' नावाचा बनावट दस्तऐवज आला तो याच वळणाचा. १९२१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने तो उचलेगिरी असल्याचं पुराव्यानिशी दाखवलं तरी नाझींनी वापरायचा तो वापरलाच. त्यामुळे कथेत 'मूठभर लोक सगळं चालवतात' असं लिहिताना ते मूठभर कोण हे मी दोनदा तपासते. एखाद्या जातीधर्माकडे बोट जात असेल तर तो प्लॉटच फेकून द्यायचा, यात घासाघीस नाही.

बाकी सोपा उपाय म्हणजे नाव खोटं घ्या आणि सामान खरं घ्या. वाइसहाउप्टचे सीलबंद रिपोर्ट, ओडेसाची अदृश्य सत्ता, भुवईचा केस, जेल्लीची यादी, हे सगळं एका काल्पनिक संस्थेत बसतं. हिरो म्हणून प्रोफेसर वगैरे नको, त्या संस्थेचा सेक्रेटरी घ्या, ज्याच्याकडे पत्रं येतात की पुढची दीक्षा कधी, आणि उत्तर त्यालाच लिहायचंय.