अण्णांच्या वह्या : आमच्या गॅरेजची वाटचाल

एक-तीन-चार-दोन. पाढे पाठ व्हायच्या आधी मला हे पाठ होतं. फियाटच्या चार सिलिंडरमध्ये ठिणगी कुठल्या क्रमानं पडते, तो हा क्रम. अण्णा, म्हणजे माझे वडील, डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून बसायचे आणि मी ऑइलचा डबा पालथा घालून त्यावर बसून एकेक वायर त्यांच्या हातात द्यायची. वायरींची अदलाबदल झाली की कार्बोरेटरमधून फटाक्यासारखा आवाज यायचा. ते रागवायचे नाहीत. "परत म्हण," एवढंच. पुढं मारुती ८०० गाड्या कामाला यायला लागल्या, त्यांना सिलिंडरच तीन. मग 'एक-तीन-दोन' पाठ केलं.

अण्णा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात दुसऱ्याच्या गॅरेजात मिस्त्री होते. शिक्षण सातवीपर्यंत. उद्यमनगरात फाउंड्री, लेथ, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, सगळं हाकेच्या अंतरावर. इंजिन उतरवलं की ब्लॉक हातगाड्यावर घालून रिबोअरला, म्हणजे झिजलेले सिलिंडर कातून घ्यायला, न्यायचा आणि काम होईपर्यंत तिथंच उभं राहून बघायचं. अण्णांचं निम्मं शिक्षण असं झालं. मग भिशी उचलून त्यांनी भाड्याची एक जागा घेतली. गाडीखाली जायचा खड्डा त्यांनी आणि काकांनी स्वतः खणला. त्याच खड्ड्यावर आजही आमचं काम चालतं.

पहिल्या दिवसापासून ते वही ठेवायचे. एका गाडीला एक पान. वर नंबर आणि किलोमीटर, त्याखाली मालकाची तक्रार, तीही मालकाच्याच शब्दांत. रात्री घरी आल्यावर रॉकेलनं आणि मग साबणानं हात धुवायचे, तरी बोटांच्या रेषांतलं काळं जायचं नाही. जेवण झालं की वही काढायचे. एका फियाटचं पान मला तोंडपाठ आहे : 'सकाळी बरी, आंबा घाटात बंद पडते.' खाली अण्णांचं अक्षर : 'पंप तापून पेट्रोलची वाफ धरते. ओलं फडकं गुंडाळल्यावर चालते. पंपाखालचा बेकलाइटचा तुकडा तडकलेला, बदलला.' मेमध्ये घाट चढताना पंपावर ओलं फडकं सगळेच टाकायचे. इंजिनची धग पंपापर्यंत का पोचते, हे बघायला अण्णा खाली वाकले.

दुसरी सवय म्हणजे काढलेला जुना पार्ट वर्तमानपत्रात बांधून गाडीच्या डिकीत ठेवणं. गिऱ्हाइकानं मागितला नसला तरी. "त्याला कळाय पायजे, पैसे कशाचे घेतले ते."

एकदा एका शिक्षकांची गाडी आली. दुसरीकडं त्यांना पूर्ण इंजिनाचं काम सांगितलं होतं, कारण निळा धूर. तेवढे पैसे त्यांच्याकडं नव्हते आणि चेहऱ्यावर ते दिसत होतं. अण्णांनी गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी मला हाक मारली. "चालू कर आणि मागं बघ." धुराचा एक लोट आला आणि थांबला. चढावर जोर दिला तर काहीच नाही. "रात्रीत तेल व्हॉल्व्हच्या सीलमधनं उतरतंय. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर चढावर धूर थांबला नसता." सील बदलले, गाडी गेली. मी तेव्हा नववीत होते. पॉलिटेक्निकला ऑटोमोबाइल घ्यायचं, हे त्या सकाळी ठरलं. नातेवाइकांनी पुष्कळ समजावलं. अण्णा फॉर्म भरायला माझ्याबरोबर आले, रांगेत दोन तास उभे राहिले आणि परत येताना मला माझा स्वतःचा रिंग पान्यांचा सेट घेऊन दिला.

२००० सालापासून प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि कार्बोरेटरच्या गाड्या कमी होऊन संगणकानं चालणाऱ्या इंजेक्टरच्या गाड्या येऊ लागल्या. पॉइंट घासणं, जेट साफ करणं ही अण्णांची हातखंडा कामं बघता बघता संपली. काही महिने फार वाईट गेले. दोन पोरांचा पगार उशिरा झाला. डिप्लोमा संपवून मी कर्ज काढून स्कॅनर घेतला, गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणारं मशीन. पहिल्याच आठवड्यात मिस मारणारी एक गाडी आली. स्कॅनरवर पी-०३०१. मी म्हटलं, "अण्णा, एक नंबरचा सिलिंडर. ठिणगीची कॉइल बदलू या." ते म्हणाले, "मशीन म्हणतंय सिलिंडर. कॉइल कोण म्हणतंय?" त्यांनी एक आणि दोन नंबरच्या कॉइल एकमेकांच्या जागी लावल्या. कोड पुसून गाडी फिरवून आणली. परत पी-०३०१च. दोष कॉइलमध्ये असता तर दोष दोन नंबरला सरकून पी-०३०२ आला असता. शेवटी दोष इंजेक्टरचा निघाला. स्कॅनरचा तो प्लग लावायचा कसा, हे अण्णांना ठाऊक नव्हतं. तो त्यांनी माझ्याकडून त्याच संध्याकाळी शिकून घेतला, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. त्या दिवसापासून वहीत 'कोड' असा नवा रकाना आला.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी, दुधाळी, नागाळा पार्क पाण्यात. शिरोलीजवळ महामार्ग बंद. अण्णा वह्या काढून बसले आणि पूरपट्ट्यातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन लावला. "पाणी उतरलं तरी किल्ली फिरवू नका. बॅटरीची वायर काढा, आम्ही येतो." सिलिंडरमध्ये पाणी असताना गाडी चालू केली की पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांचं काम लाखावर जातं. स्पार्क प्लग काढायचे, इंजिन हातानं फिरवून पाणी बाहेर घालवायचं, दुधाळ झालेलं ऑइल बदलायचं, थोडं चालवून परत बदलायचं. महिनाभर आम्ही हेच करत होतो. ज्यांचं घर बुडालं होतं त्यांच्याकडून अण्णांनी फक्त ऑइल-फिल्टरचे पैसे घेतले. मजुरीच्या रकान्यात रेघ आहे.

जुलै २०२१ च्या पुरात फोन मी केले. अण्णा तीन महिन्यांपूर्वी गेले होते. वही तीच उघडली, नंबर तेच. पलीकडून काही जण "अण्णा आहेत का?" असं विचारायचे आणि मग गप्प व्हायचे.

आता आम्ही सातजण आहोत. हिशेब संगणकावर असतो, गाडीचं पान मात्र हातानंच लिहायचं; नव्या पोराला पहिले सहा महिने तेच काम. सध्या एकेचाळिसावी वही चालू आहे. गेल्या आठवड्यात तिच्यात पहिली इलेक्ट्रिक गाडी लिहिली. तक्रार : 'खड्ड्यात पुढनं टक टक वाजते.' सस्पेन्शनचा लिंक रॉड बदलला. जुना डिकीत ठेवलाय.