बाबांचा रॉड आणि जिन्यावरचा टवका

चिठ्ठीत "बाजूने" निघालं तेव्हा मला एकदम बरं वाटलं, कारण या विषयावर विरोधात बोलणं मला जमलंच नसतं. वादविवाद स्पर्धेचा विषय होता, घरात घुसलेल्याला नागरिकाने ठार मारलं तर त्याच्यावर खटलाच चालू नये. आमच्या घरी चार वर्षांपूर्वी रात्री दोनच्या सुमारास कडी तोडून चोर शिरला होता, बाबा लोखंडी रॉड घेऊन त्याच्या मागे धावले, तो माझा मोबाईल घेऊन पळाला, आणि त्यानंतर कित्येक महिने मी लाईट चालू ठेवून झोपत होते. तेव्हापासून माझं मत पक्कं होतं, रात्री दुसऱ्याच्या घरात शिरणाऱ्याचे कसले आलेत हक्क. तयारीला तीन आठवडे होते, मला वाटलं तीन दिवसांत भाषण लिहून होईल.

आमच्या सरांनी सांगितलं आधी भाषण लिहू नकोस, कलमं वाच. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, त्यात कलम 34 ते 44 हा सगळा खासगी संरक्षणाचा, म्हणजे स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव आणि मालमत्ता वाचवायच्या हक्काचा भाग आहे, जुन्या आयपीसीत तो 96 ते 106 होता. कोर्टाचे निकाल वाचायला गेलं की सगळीकडे जुने नंबर येतात, म्हणून वहीत दोन रकाने करून जुना-नवा नंबर शेजारी शेजारी लिहून काढा, तासभर जातो पण नंतर फार वेळ वाचतो.

आणि इथेच पहिला धक्का. मी समजत होते की आपला कायदा सामान्य माणसाचे हात बांधून ठेवतो. पण कलम 38 सरळ सांगतं की जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची भीती असेल, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला (हा 2013 मध्ये आला) अशा प्रसंगी समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो. मालमत्तेसाठीसुद्धा कलम 41 आहे, जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी झालेली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं. शिवाय 2010 च्या दर्शन सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की कायदापाळू माणसाने हल्ल्यासमोर भित्र्यासारखं पळून जावं अशी अपेक्षा नाही. माझा पार्टनर हे सगळं वाचून म्हणाला, "अगं मग आपण मागतोय काय नेमकं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग कलम 37. पोलिसांची मदत मिळवायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. त्याचबरोबर कोर्टांनी हेही वारंवार सांगितलंय की जीव मुठीत धरलेल्या माणसाने किती जोरात मारलं हे सोन्याच्या काट्यावर तोलायचं नसतं. हे मला फार पटलं, अजूनही पटतं.

परदेशातलं वाचायलाच लागतं कारण समोरचे तेच काढणार. फ्लोरिडाने 2005 मध्ये कायदा केला की जिथे असायचा तुम्हाला हक्क आहे तिथून मागे हटायची गरज नाही, आणि 2017 पासून खटल्याआधीच्या सुनावणीतच तो बचाव खोटा पाडायची जबाबदारी सरकारी पक्षावर टाकली. आपल्याकडे उलट आहे, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 108 प्रमाणे मी बचावात मारलं हे आरोपीनेच दाखवायचं, फक्त ते संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही, शक्यता आपल्या बाजूने झुकली तरी पुरतं. आणि इंग्लंडमधला टोनी मार्टिन, नॉरफोकचा शेतकरी, 1999 मध्ये रात्री घरात शिरलेल्यांवर त्याने बंदूक चालवली, त्यात 16 वर्षांचा मुलगा मेला. गोळी पाठीत लागली होती. आधी खुनाची शिक्षा झाली, मग 2001 मध्ये अपिलात ती सदोष मनुष्यवधावर आली.

पाठीत हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. त्याच रात्री कलम 43 वाचलं, हा हक्क कुठपर्यंत टिकतो ते. रात्रीच्या घरफोडीत तो टिकतो जोपर्यंत चोर घरात आहे तोपर्यंत. चोरीचा माल घेऊन पळणाऱ्याला अडवता येतं, माल परत घेता येतो, पण त्यासाठी जीव घेता येत नाही, जोपर्यंत तो उलटून तुमच्या जिवावर उठत नाही.

सकाळी बाबांना विचारलं, "बाबा, तुम्ही रॉड मारला तेव्हा तो कुठे होता? दारात का जिन्यावर?"

"जिन्यावर. चार पायऱ्या उतरला होता."

"तोंड तुमच्याकडे होतं?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पळत होता गं तो."

मी जिन्यात गेले. त्या रात्री रॉड भिंतीवर बसला होता, प्लास्टरचा टवका उडाला होता, तो अजून तसाच आहे. चौथ्या पायरीवर उभी राहिले तर टवका बरोबर माझ्या कानाच्या उंचीवर. चार वर्षं मी रोज तिथून ये-जा करतेय आणि हे कधी बघितलं नव्हतं. एक वीत इकडे पडला असता तर तो मुलगा तिथेच गेला असता आणि बाबा आज कुठे असते.

भाषण पूर्ण बदललं, पार्टनर चिडला पण ऐकलं त्याने. आम्ही मांडलं की चोर घराच्या आत असेपर्यंतच हे संरक्षण द्या, आणि त्या प्रसंगात बचाव खोटा होता हे सिद्ध करायचं ओझं पोलिसांवर टाका, कारण मध्यरात्री अंधारात बायकापोरांसमोर उभा राहिलेला माणूस साक्षीदार कुठून आणणार. उंबरठ्याबाहेर, पाठ फिरवलेल्या माणसावर केलेल्या वाराची चौकशी झालीच पाहिजे, खटला लागला तर तोही चालला पाहिजे, हे मी बाजूने बोलत असतानाच बोलले. परीक्षक म्हणाले तुम्ही अर्धा विषय सोडून दिलात. हरलो आम्ही. मला त्याचं वाईट वाटलं नाही कारण बाकीचा अर्धा मी मनापासून बोलले होते.

बाबा ऐकायला आले होते. घरी येताना जिन्यात त्या पायरीपाशी थांबले आणि म्हणाले, "मग त्या रात्री मी काय करायला हवं होतं?"

म्हणलं, "तो बाहेर पडला की दार लावून 112."

"हं," म्हणाले, "पण तो एकटाच होता का खाली अजून कोणी होतं, हे मला माहीत नव्हतं. तू आणि आई आत होतात."